कूपन शेवटी, आधी दराची वही: ठाणे-नवी मुंबईत महिन्याचा किराणा कमी पैशांत कसा भरावा

ओव्हरटाइम बंद झाला, पगारवाढ लांबली किंवा दुकानात गिऱ्हाईक रोडावलं की घरात पहिली कात्री वाणसामानाच्या यादीला लागते. मग मोबाइलवर कूपनं शोधणं सुरू होतं. कूपनाने पैसे वाचतात, यात वाद नाही. पण ते खरंच वाचले का, हे कळायला त्या वस्तूचा चालू दर आधी ठाऊक हवा. ₹१८० च्या कपड्यांच्या पावडरीवर ₹४० ची सूट घेतली आणि तीच पावडर पुढच्या चौकात ₹१३५ ला बिनकूपन मिळत असली, तर सूट घेऊन ₹५ जास्तच गेले. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी दर, मग दुकान, मग साठवण, आणि कूपन त्यानंतर.

हिशेब दाखवायला घेतलेले भाव नमुन्याचे आहेत. बाजारभाव रोज हलतो, हिशेबाची रीत तीच राहते.

दराची वही

घरातल्या ज्या पंचवीस-तीस वस्तूंवर महिन्याचे बहुतेक पैसे जातात, तेवढ्याच वहीत उतरवा. तांदूळ, गहू, तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, शेंगदाणे, पोहे, रवा, कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, लहान मूल असेल तर डायपर. प्रत्येकीसमोर सहा रकाने आखा: ब्रँड किंवा वाण, वजन, मोजलेले पैसे, किलोचा किंवा १०० ग्रॅमचा दर, दुकान, तारीख. मागच्या दोन महिन्यांची बिलं ड्रॉवरमध्ये सापडली तर अर्धी वही एका बैठकीत भरते. केळी, कोथिंबीर, बिस्किटाचा पुडा असल्या किरकोळ गोष्टी लिहीत बसू नका. वही जड झाली की आठवड्याभरात सुटते.

पाकिटावर आता एमआरपीच्या शेजारी प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिलिलिटर दर छापलेला असतो. तो बघायची सवय लावा, पण त्यात एक मेख आहे. तो दर एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाने लावलेल्या भावावरून नव्हे. दोन ब्रँडपैकी एकावर पंधरा टक्के सूट आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशा वेळी छापील दरांची तुलना फसवते. तिथे फोनचा कॅल्क्युलेटर काढायचा: मोजायचे पैसे भागिले ग्रॅम, गुणिले १००.

सगळ्यात जास्त गफलत होते ती तेलाच्या पिशवीत. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. पण फडताळावर ९१० ग्रॅमच्या पिशवीशेजारी तेवढीच दिसणारी ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवीही असते. ९१० ग्रॅम ₹१५० ला म्हणजे १०० ग्रॅमला ₹१६.४८. ८०० ग्रॅम ₹१३६ ला म्हणजे ₹१७. चौदा रुपये कमी मोजून घेतलेली पिशवी महाग निघाली आणि महिनाअखेरीला तेल संपलं ते वेगळंच. बिस्किट, नूडल्स, चिवडा यांतही हेच चालतं. ₹५ आणि ₹१० हे आकडे कंपन्या सहसा हलवत नाहीत, आतले ग्रॅम घटवतात. म्हणून वहीत नुसती किंमत लिहून भागत नाही, वजन हवंच.

मोठा पॅक नेहमी स्वस्त, हाही समज सोडा. शांपूच्या पुड्या बऱ्याचदा त्याच कंपनीच्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतात. चहा पावडर आणि कपड्यांच्या पावडरीत बहुधा मोठा पॅक परवडतो. मसाल्यांत मोठा पॅक दराने परवडला तरी वास उडून वाया जातो.

वहीत २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे दर असतील तर अंघोळीचा साबण, शांपू, टूथपेस्ट आणि केसांच्या तेलापुढचे आकडे खोडून टाका. त्या दिवसापासून यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. तूप-लोणी १२ वरून ५ वर. जुन्या दराच्या मानाने ‘सूट’ वाटणारा भाव आता नेहमीचाच भाव असू शकतो.

तीन महिने नोंदी झाल्या की प्रत्येक वस्तूचा तळाचा दर कळतो, म्हणजे ज्याच्या खाली ती सहसा जात नाही तो भाव. त्या भावाला आली की दोन-तीन महिन्यांचं घ्यायचं. एरवी महिन्यापुरतं.

कुठून काय घ्यावं

ठाणे आणि नवी मुंबईकरांच्या हाताशी इतक्या तऱ्हेची दुकानं आहेत की सगळं एकाच ठिकाणी भरणं हाच मोठा खर्च ठरतो. पण दहा ठिकाणी फिरणंही परवडत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं ₹२६ आहे, म्हणजे जाऊन-येऊन ₹५२. पन्नास रुपये वाचवायला दुसऱ्या दुकानात रिक्षाने जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. महिन्याला एक मोठी फेरी, आठवड्याला एक भाजीची, बाकी पायी जाण्याच्या अंतरावर, एवढीच चौकट ठेवा.

डीमार्टसारख्या साखळीत कूपनापेक्षा रोजच्याच कमी दरावर भर असतो. पॅकबंद वस्तू, साबण-पावडर, तेल तिथून घ्यायला ठीक. गर्दी टाळायला महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळी जा. यादीबाहेरचे पैसे जातात ते किराण्यात नव्हे, कपडे, प्लॅस्टिकचे डबे आणि खाऊच्या फडताळांपाशी. ट्रॉलीऐवजी हातातली बास्केट घेतली की हे बरंच आवरतं, कारण वजन हाताला कळतं.

ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला जांभळी नाक्याची जुनी बाजारपेठ आहे. सुटी डाळ, कडधान्य, शेंगदाणे, सुकं खोबरं, गूळ, मिरच्या, गरम मसाल्याचं साहित्य यासाठी ती बघावी. तिथे किलोचा भाव विचारू नका, ‘पाच किलोला काय लावणार?’ असं विचारा. तीन दुकानांत विचारूनच घ्या, आणि भाव विचारताना मूठभर माल हातावर घेऊन बघा. तूरडाळीत तुकडा किती, शेंगदाण्यात खवट दाणे किती, हे भावाइतकंच महत्त्वाचं. दहा टक्के कचरा निघणारी डाळ पाच टक्के स्वस्त मिळाली तर ती महाग आहे.

नवी मुंबईत वाशी-तुर्भ्याची एपीएमसी, म्हणजे बाजार समितीचा घाऊक बाजार आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे तिथे पाच वेगळे बाजार आहेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने तुर्भ्याला उतरून जाता येतं. भाजीचा घाऊक व्यवहार रात्री उशिरा आणि पहाटे चालतो, सकाळी नऊला गेलात तर उरलंसुरलं हाती लागतं. धान्य आणि मसाला बाजार दिवसाचे. घाऊक गाळ्यावर दोन किलो मागितलं तर व्यापारी वर बघणारही नाही. तिथे माप गोणीचं किंवा कट्ट्याचं, म्हणजे छोट्या पोत्याचं. बाजारातच आणि आसपास पाच-दहा किलो देणारी दुकानंही आहेत, पण त्यांचा भाव घाऊक आणि किरकोळ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. बोललेल्या भावात हमाली-तोलाई धरली आहे का, आणि बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं, वजन वजा होणार का, हे सौदा ठरण्याआधी विचारा. निघण्यापूर्वी बाजार चालू आहे ना, याची खात्री करा. सुट्टीच्या किंवा संपाच्या दिवशी फेरी फुकट जाते.

धान्याच्या कट्ट्याबाबत एक नियम उपयोगाचा आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळ, पीठ यांवर २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला ५ टक्के जीएसटी आहे. २५ किलोहून मोठ्या कट्ट्याला आणि सुट्या धान्याला नाही. २६ किलोचे तांदळाचे कट्टे दिसतात ते यामुळेच. मात्र कर नाही म्हणून व्यापारी भाव कमी लावेलच असं नाही. दर काढूनच ठरवा.

हातगाडीवर ‘वाटा’ विकतात तिथे एकदा वाटा काट्यावर ठेवायला सांगा. वीस रुपयांचा टोमॅटोचा वाटा ४०० ग्रॅम भरला तर किलोला ₹५० पडले, आणि शेजारची बाई ₹४० ने किलो देत असते. शेवटच्या तासात, म्हणजे रात्री साडेआठ-नऊनंतर, पालेभाजीचा भाव उतरतो. ती त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

सोसायटीत मिळून घेणं

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, सामान एकत्र येतं आणि सभासद वाटून घेतात. तुमच्या भागात संघ असेल तर तिथे नाव घालणं सगळ्यात सोपं. नसेल तर इमारतीतल्या पाच घरांनीही जमतं, पण हिशेब आधी कागदावर करा, कारण नुसत्या कांद्यावर हा उद्योग परवडत नाही.

बघा. ५० किलो कांदा ₹१८ ने ₹९००, हमाली ₹२०, टेम्पो ₹२५०. एकूण ₹१,१७०. गोणीत अडीच किलो सडका-फुटका निघतो असं धरा, हाती ४७.५ किलो. किलोला ₹२४.६३ पडले. नाक्यावर ₹३० असेल तर पाच घरांना प्रत्येकी साडेनऊ किलोमागे जेमतेम ₹५१ सुटतात, आणि एक सकाळ जाते. आता त्याच टेम्पोत ५० किलो बटाटा आणि तांदळाचे ३० किलोचे दोन कट्टे घाला. १६० किलोवर टेम्पो किलोला ₹१.५६ पडतो आणि कांदा ₹२१ वर येतो. किलोमागे नऊ रुपये सुटले, बटाटा-तांदळाचा फायदा वेगळा. टेम्पो भरला तरच जायचं, एवढाच याचा अर्थ.

कामाची पद्धत अशी ठेवा. आठ दिवस आधी यादी फिरवा आणि पैसे आधीच गोळा करा. ‘आणल्यावर देतो’ म्हणणारा एक जण असतोच, आणि गट त्याच्याचमुळे मोडतो. पैसे एकाने सांभाळायचे आणि वजन दुसऱ्याने करायचं. दोन्ही कामं एकाकडे दिली की कुजबुज सुरू होते. पन्नास किलोपर्यंतचा लटकता डिजिटल काटा गटाच्या पैशांतून घ्या. कांदा-बटाटा आधी ताडपत्रीवर पूर्ण ओता, सडका बाजूला काढा, मोठे-छोटे मिसळा आणि मग वजन करून पिशव्या भरा. गोणीतून थेट वाटलं तर पहिल्याला वरचा निवडक माल मिळतो आणि शेवटच्याला तळाचा. पिशव्यांवर नंबर टाकून चिठ्ठ्या काढल्या तर तक्रारीला जागाच राहत नाही. बिलाचा फोटो आणि प्रत्येकाचा हिशेब त्याच दिवशी ग्रुपवर टाका.

साठवण

खाडीकाठची दमट हवा आणि वन बीएचके, या दोन गोष्टी विसरून गावाकडच्यासारखं वर्षाचं धान्य भरलं की सप्टेंबरात डब्यात टोके फिरतात. तीस किलोतले तीन किलो किडले, की दहा टक्के सूट गेली.

गहू-तांदूळ भरायचाच तर एप्रिल-मेमध्ये, गव्हाला दोन कडक उन्हं दाखवून. तांदूळ थेट उन्हात टाकू नये, दाणा तडकतो. सावलीत पसरून वारं द्यावं. उन्हातलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. डाळी-कडधान्याला किलोमागे एक लहान चमचा एरंडेल चोळून ठेवतात ते भुंग्यासाठी, आणि ते खरंच उपयोगी आहे. वापरताना कोमट पाण्याने चोळून धुवायचं. रवा, बेसन, पोहे पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त भरू नका. रवा कोरडा भाजून गार करून ठेवला तर जाळी लवकर धरत नाही. कांदा आणि बटाटा एका टोपलीत नको. एकत्र ठेवले की लवकर खराब होतात.

आता कूपन

आपल्याकडे कूपन म्हणजे कागद कापून दुकानात न्यायचा प्रकार फारसा नाही. जे मिळतं ते पाच प्रकारचं: पाकिटावरची योजना, अ‍ॅपमधलं कोडचं किंवा टिक करायचं कूपन, बँकेच्या कार्डावरची सूट, वॉलेट किंवा यूपीआयचा कॅशबॅक, आणि गिफ्ट व्हाउचर. नवीन सुपरमार्केट उघडलं की सकाळच्या पेपरात घातलेलं पत्रक येतं, तो सहावा. पत्रकातल्या चार-पाच वस्तू खरोखर तोट्यात विकायला ठेवलेल्या असतात. तेवढ्याच घेऊन बाहेर पडता आलं तर जा.

पाकिटावरच्या योजनेचं भाषांतर टक्क्यांत करायला शिका. एकावर एक मोफत म्हणजे ५० टक्के. दोनावर एक म्हणजे ३३. दुसऱ्या वस्तूवर निम्मी किंमत म्हणजे एकूण २५. ‘३० टक्के जास्त’ म्हणजे ३० नव्हे, २३ टक्के सूट, कारण १३० ग्रॅमला तुम्ही १०० चे पैसे देता. ‘५० अधिक २० टक्के’ म्हणजे ७० नाही, ६०. वीस टक्के हे उरलेल्या निम्म्यावर लागतात. ‘८० टक्क्यांपर्यंत’ यातल्या ‘८०’ला काही अर्थ नसतो.

अ‍ॅपमधल्या कूपनाची अट चार तुकड्यांत वाचा: किमान किती खरेदी, सूट किती टक्के, कमाल किती रुपये, आणि कोणत्या वस्तूंना नाही. ‘२० टक्के सूट, कमाल ₹७५’ हे कूपन ₹३७५ ला पूर्ण वसूल होतं. त्याच्यापुढे जितकी खरेदी वाढवाल तितका टक्का घसरतो. ₹१,५०० ला ते फक्त ५ टक्के उरतं. उलट ‘₹१,००० वर ₹१०० सूट’ बरोब्बर ₹१,००० च्या जवळ वापरायचं. म्हणजे टक्क्यांचं कूपन छोट्या यादीला, ठोक रकमेचं किमान मर्यादेच्या अगदी वर, आणि साखर-तेल वगळलं आहे का ते आधी बघायचं, कारण वगळलेल्या वस्तू किमान रकमेत बऱ्याचदा धरतच नाहीत.

आता एकावर एक सवलती चढवण्याचा भाग. इथेच लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात.

समजा दुकानभावाने यादी ₹२,०५० झाली. अ‍ॅपचं कूपन आहे १० टक्के, कमाल ₹१५०, किमान ₹२,०००. शिवाय कार्डावर १० टक्के, कमाल ₹२००, किमान ₹२,०००. कूपन लावलं, रक्कम ₹१,९०० झाली. कार्डाची किमान अट बहुतेक वेळा शेवटी मोजायच्या रकमेला लागते, एमआरपीला नाही. त्यामुळे बँकेची सूट गायब, आणि पैसे गेल्यावर कळतं. इथे यादीत पुढच्या महिन्यात लागणारंच असं ₹१०० चं मीठ-काडेपेटी-साबण घाला. ₹२,१५० मधून ₹१५० गेले, ₹२,००० उरले, त्यावर बँकेचे ₹२०० सुटले. ₹१,८०० मोजले आणि घरी ₹१०० चा जास्त माल आला. पण घातलेली वस्तू लागणारीच हवी. ‘आणखी ₹३४० ची खरेदी करा आणि ₹५० वाचवा’ या पट्टीला बळी पडून चॉकलेट घेतलं तर तो ₹२९० चा खर्च आहे.

क्रम लक्षात ठेवायचा तो असा. आधी तळाचा दुकानभाव. मग वस्तूवरचं टिक करायचं कूपन, जे दिसतं पण बोटाने टिक केल्याशिवाय लागत नाही. मग एकूण यादीवरचा कोड. तो एका वेळी सहसा एकच चालतो. मग पैसे देताना कार्ड किंवा व्हाउचर. शेवटी कॅशबॅक. पैसे देण्याआधीच्या पानावर प्रत्येक सूट वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. ‘नंतर जमा होईल’ असं लिहिलं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तारीख वहीत लिहा. गिफ्ट व्हाउचरने पैसे दिले तर बँकेची सूट बहुधा मिळत नाही. दोनांपैकी मोठी कोणती ते बघून एकच घ्या. आणि बँकेच्या पोर्टलवर तीन-चार टक्के कमी दराने मिळणारं व्हाउचर पुढच्या महिन्याभरात वापरणार असाल तेवढ्याचंच घ्या. मुदत संपलेलं व्हाउचर म्हणजे शंभर टक्के तोटा.

कॅशबॅक आणि ताबडतोब मिळणारी सूट एकाच मापाने मोजू नका. ₹१०० चा कॅशबॅक त्याच अ‍ॅपमध्ये, किमान ₹६०० च्या पुढच्या खरेदीवर, पंधरा दिवसांत वापरायचा असेल तर त्याची किंमत पन्नासच धरा. मिळाला तर बरं.

माल परत करतानाही घोळ होतो. कूपनाची सूट यादीतल्या सगळ्या वस्तूंवर वाटून धरलेली असते, त्यामुळे एक वस्तू परत केली की तिचा हिस्सा वजा होऊन कमी पैसे येतात आणि कूपन परत मिळत नाही. मापाची शंका असलेला कपडा किंवा चप्पल म्हणून किराण्याच्या कूपनात मिसळू नका, त्याची ऑर्डर वेगळी करा. ‘पहिल्या ऑर्डरला’ असलेलं कूपन घरातल्या प्रत्येक नंबरवरून काढायचा मोह होतो. पत्ता आणि फोन तोच दिसला की अशा ऑर्डरी रद्द होतात आणि अडकलेले पैसे परत यायला दिवस लागतात.

कार्ड, हप्ते आणि दहा मिनिटांत घरपोच

क्रेडिट कार्डाची सूट पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यासाठीच आहे. नुसती किमान रक्कम भरली तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तेही खरेदीच्या तारखेपासून, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. ₹१०,००० वर महिन्याला साधारण ₹४१३. मिळालेली दहा टक्के सूट अडीच महिन्यांत संपली.

‘नो कॉस्ट’ हप्ताही पूर्ण फुकट नसतो. व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, पण व्याजावरचा जीएसटी तुमचाच. ₹१८,००० च्या वस्तूवर सहा महिन्यांचं व्याज ₹८०० धरलं तर त्यावर ₹१४४. प्रक्रिया शुल्क ₹१९९ असेल तर जीएसटी धरून ₹२३५. म्हणजे ₹३७९ गेले. मिक्सर बंद पडला आणि हातात रोख नाही, तर ₹३७९ ठीक आहेत. रोख असेल तर एकरकमी सूट मागा, ठाण्याच्या गोखले रोडवर काय किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये काय, विचारल्याने काही जात नाही.

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टवर वस्तूचा दर बघून निर्णय घेऊ नका. डिलिव्हरी, हाताळणी, छोट्या यादीचं शुल्क, पावसात वाढीव शुल्क, हे सगळं धरून शेवटची रक्कम बघा. ₹१६० च्या यादीवर असे ₹४० लागले तर पंचवीस टक्के महाग. तिथून घ्यायचंच तर आठवड्यात एकदा, मोफत डिलिव्हरीच्या मर्यादेवर. शेवटच्या पानावर न मागितलेलं दान, विमा किंवा सदस्यत्व टिक केलेलं आहे का तेही बघा. असं गुपचूप यादीत घुसवणं, शुल्क शेवटी उघड करणं, ‘फक्त दोन उरले’ असा खोटा धाक दाखवणं, यांना केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. मनाई आहे म्हणून ते थांबलंय असं मात्र समजू नका.

मोठ्या दुकानसाखळीच्या वर्धापनदिनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘₹५,००० चं कूपन, वीस जणांना पाठवा’ असा दुवा आला तर तो पुढे ढकलू नका आणि उघडू नका. कूपन घ्यायला ओटीपी लागत नाही आणि पैसे मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

किराण्याबाहेरचे दोन मोठे आकडे

रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्या घरात किराण्याच्या कूपनांपेक्षा जास्त पैसे औषधात वाचतात. जनऔषधी केंद्रात बाजारातल्या ब्रँडेड औषधांपेक्षा दर ५० ते ९० टक्क्यांनी कमी असतात. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाचा दर दोन्ही दिसतात. गोळीच्या पट्टीवरचं ब्रँडचं नाव नको, त्याखालचं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर तीही जुळली पाहिजेत, कारण हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी एक नव्हे. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिटचं औषध बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, रेशन. उत्पन्न खरंच घटलं असेल तर केशरी कार्ड कपाटात ठेवून देऊ नका. शहरी भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ₹५९,००० पर्यंत असेल तर ‘प्राधान्य कुटुंब’ या गटासाठी अर्ज करता येतो. मंजूर झाला तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं असावं, नाहीतर त्याचा वाटा थांबतो.

काउंटर सोडण्याआधी

बिल दारात उभं राहून वाचा, घरी जाऊन नाही. सर्वांत जास्त चूक होते ती फडताळावरच्या पाटीत आणि बारकोडमधल्या दरात. योजना पाटीवर असते, संगणकात चढवलेली नसते. म्हणून महागड्या तीन-चार वस्तूंच्या पाटीचा फोटो खरेदी करतानाच काढून ठेवा. ‘एकावर एक’मधली दुसरी वस्तू शून्य रुपयाने आली आहे का आणि एकच पाकीट दोनदा स्कॅन झालं नाही ना, एवढं बघितलं तरी पुरतं. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्याहून जास्त मागितलं, ‘कूलिंगचे दोन रुपये’ लावले, किंवा वजनात मारलं तर वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तक्रारीला बिल, पाकिटाचा फोटो आणि तारीख लागते. बिलाच्या थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, तेव्हा मिक्सर, इस्त्री, बूट अशा वॉरंटीच्या वस्तूंच्या बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.